डबा रुळावर चढवायचा, पण पैसा कुठे ओतायचा?

१९ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळी कळंबोलीच्या मालधक्क्यावरून सात रिकामे टँकर पाठीवर घेऊन एक मालगाडी विशाखापट्टणमकडे निघाली. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि महाराष्ट्रातली रुग्णालये प्राणवायूसाठी तडफडत होती. टँकर वाघिणींवर चढवायला लागणारा रॅम्प कळंबोलीत एका दिवसात उभा राहिला. गाडीला पुढे सगळीकडे हिरवा सिग्नल होता. तरीही ती कर्जत-लोणावळ्याच्या घाटाने गेली नाही. वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा मोठा वळसा घेऊन गेली, कारण वाघिणीवर उभ्या केलेल्या टँकरची उंची मुंबईजवळच्या घाटांत चालणारी नव्हती. त्या आठवड्यात पैशाची अडचण कुणी सांगितली नसती, इच्छाशक्तीचीही नाही. तरी गाडीचा मार्ग ठरवला तो बोगद्यांनी, पुलांनी आणि वरच्या तारांनी.

रस्त्यावरचा माल रेल्वेवर यावा म्हणून सरकारने पदरमोड करावी का, या प्रश्नाकडे पनवेलमधून पाहताना ती गाडी विसरून चालत नाही. भाड्यात सूट जाहीर करणे सोपे असते. घाटातला बोगदा मात्र त्या सुटीने एक इंचही रुंद होत नाही.

पनवेलकरांना हा प्रश्न रोज दारात दिसतो. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. २०२४-२५ मध्ये तिथे वीस फुटी डब्याच्या मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले गेले. चाळीस फुटी डबा या मापात दोन धरला जातो, म्हणजे ट्रेलरांची संख्या याहून कमी. पण ज्यांनी गव्हाण फाटा, पळस्पे आणि कळंबोली सर्कलवर सकाळी दुचाकी घातली आहे त्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या डब्यांत रेल्वेचा वाटा गेली काही वर्षे सहाव्या हिश्शाच्या आसपास रेंगाळतो आहे. बाकी सगळे रस्त्यावर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, गोव्याकडचा महामार्ग, शीवकडून येणारा रस्ता आणि बंदराचा रस्ता हे सगळे याच दहा-बारा किलोमीटरांत एकमेकांना भेटतात. त्यात आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. कामोठे, कळंबोली, करंजाडे इथल्या लोकांनी वसाहती पाहून घरे घेतली, आणि त्यांच्या वाट्याला आली ट्रेलरच्या चाकाशेजारून पोराला शाळेत पोचवण्याची रोजची धास्ती.

अनुदानाच्या बाजूने पहिला आणि सर्वांत भक्कम मुद्दा इथूनच निघतो. ट्रकचे भाडे ठरते ते डिझेल, टोल, हप्ता आणि चालकाचा पगार यांवर. रस्त्याची झीज, धूर, कोंडीत वाया गेलेले तास आणि अपघातात गेलेला माणूस यांची किंमत त्या भाड्यात पूर्णपणे कधीच येत नाही. रस्त्याचे नुकसान आसाच्या भाराच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढते, हे अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या चाचण्यांतून अभियंत्यांना कळलेले आहे. भार दुप्पट झाला की झीज सोळा पट. २०१८ साली आपल्या सरकारने ट्रकच्या आसावर अधिक भार नेण्याची मुभा दिली. वाहतूकदाराचा त्यात फायदा झाला, खड्ड्यांचा हिशेब मात्र ज्या गावांतून तो रस्ता जातो त्यांच्या नावावर चढला. ट्रकमालक कर भरत नाही असे कुणी म्हणू नये, तो डिझेलवरही भरतो आणि नाक्यावरही. पण तो पैसा कळंबोलीच्या चौकात परत येत नाही.

दुसरा मुद्दा कमी ऐकू येतो आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. रेल्वेचा मालभाड्याचा दर हा निव्वळ माल वाहण्याचा खर्च कधीच नव्हता. प्रवासी गाड्या तोट्यात चालतात आणि तो तोटा मालगाड्या भरून काढतात. प्रवाशांना २०२२-२३ मध्ये ५६,९९३ कोटी रुपयांची सवलत दिली, म्हणजे प्रत्येक प्रवाशामागे सरासरी ४६ टक्के, असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. हा भार अर्थसंकल्पातून उघडपणे उचलला असता तर वेगळी गोष्ट. प्रत्यक्षात त्याचा बराचसा भाग कोळसा, सिमेंट, धान्य, लोखंड आणि कंटेनर पाठवणारे भाड्यातून भरतात. कोळशाला दुसरी सोय नसते, म्हणून तो निमूटपणे भरतो. कंटेनरला ट्रक मिळतो, म्हणून तो निघून जातो. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात देशातली ऐंशी टक्क्यांहून जास्त मालवाहतूक रेल्वेने होत होती, आज ती तीस टक्क्यांच्याही आत आहे. २०३० पर्यंत हा वाटा ४५ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य राष्ट्रीय रेल्वे योजनेने ठेवले आहे. एका खिडकीवर मालावर जास्तीचा भार टाकायचा आणि दुसऱ्या खिडकीवर त्याच मालाला अनुदान द्यायचे, यातला विरोधाभास आधी मान्य करायला हवा.

याचा अर्थ दिवा-पनवेल गाडीत उभ्याने जाणाऱ्या माणसाचे तिकीट वाढवा, असा मुळीच नाही. ते स्वस्त तिकीट हा त्याचा रोजगार आहे. पण त्या स्वस्ताईचे बिल संपूर्ण देशाच्या तिजोरीने भरावे, फक्त माल पाठवणाऱ्याने का?

महाराष्ट्राने या बाबतीत एक प्रयोग जवळून पाहिला आहे आणि त्याची चर्चा जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली. ऑक्टोबरपासून केंद्राच्या अन्न प्रक्रिया मंत्रालयाने फळे आणि भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के अनुदान सुरू केले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. सांगोल्याचे डाळिंब, नाशिकचा कांदा, खानदेशातली केळी ट्रकऐवजी रेल्वेने दूरच्या बाजारात गेली. छोट्या शेतकऱ्याला पूर्ण ट्रक भरण्याची गरज उरली नाही, चार-सहा क्विंटल मालही पाठवता आला. डाळिंबवाल्याला कोलकात्याचा बाजार हाताशी आला, ही लहान गोष्ट नव्हती.

मग अनुदान थांबले आणि गाड्या विरळ होत गेल्या.

यावरून अनुदान फुकट गेले असा निष्कर्ष काढणारे आहेत, आणि अनुदान काढून घेतले हीच चूक असे म्हणणारेही आहेत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही मधला भाग सोडून देतात. निम्मे भाडे सरकार भरत होते त्या काळात पुढे टिकणारे काय उभे राहिले? माल चढणाऱ्या प्रत्येक स्थानकावर शीतगृह, सावलीचा फलाट, माल पटकन चढवायची यंत्रणा, गाडीची पक्की वेळ आणि परतीचा माल मिळवून देणारी व्यवस्था, यांपैकी थोडेच. अनुदान भाड्यात विरघळले. ते गेल्यावर शेतकऱ्यासमोर उरले जुनेच गणित: ट्रक बांधावर येतो, रात्री निघतो, बाजाराच्या दारात माल उतरवतो. रेल्वेला माल द्यायचा तर तो टेम्पोने स्थानकावर न्या, उतरवा, चढवा, पलीकडे पुन्हा उतरवा. डाळिंबाला प्रत्येक हाताळणीचा मार बसतो. भाड्यात सूट मिळत होती तोवर हा त्रास सोसला गेला.

युरोपलाही हाच अनुभव आला. रस्त्यावरचा माल रेल्वे आणि जलमार्गाकडे वळवण्यासाठी युरोपीय संघाने २००३ पासून 'मार्को पोलो' नावाने अनुदान दिले. संघाच्याच लेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये त्यावर कठोर अहवाल दिला: उद्दिष्टे गाठली गेली नाहीत आणि अनुदान नसते तरी काही प्रकल्प झालेच असते. हा दुसरा आक्षेप मला गंभीर वाटतो. न्हावा-शेव्याहून दिल्लीकडे आज रेल्वेनेच जाणाऱ्या डब्याला उद्या सूट दिली, तर रस्त्यावरून एकही ट्रेलर कमी होत नाही. तिजोरीतून पैसा तेवढा जातो, आणि तो जाण्याची शक्यता बड्या जहाज कंपन्यांच्या आणि आयातदारांच्या खिशाकडे जास्त.

स्वित्झर्लंडने उलटी वाट धरली. १९९४ मध्ये तिथल्या मतदारांनीच आल्प्समधून आरपार जाणारा माल रेल्वेवर न्यावा असा कौल दिला. २००१ पासून अवजड वाहनांवर अंतर, वजन आणि प्रदूषण यांनुसार शुल्क लागू झाले आणि त्या पैशाचा मोठा भाग रेल्वेच्या बोगद्यांकडे वळवला. ५७ किलोमीटरचा गोटहार्ड तळबोगदा २०१६ ला खुला झाला. आल्प्स ओलांडणारे ट्रक २००० साली वर्षाला १४ लाख होते, ते ९ लाखांच्या आसपास आले. साडेसहा लाखांचे लक्ष्य मात्र त्यांनाही गाठता आलेले नाही. इतका पैसा, इतका निर्धार आणि लोकांचा कौल पाठीशी असूनही ही मर्यादा राहिली, हे आपल्या घोषणाकर्त्यांनी लक्षात ठेवावे. आणि आणखी एक: तिथे आधी पर्याय उभारण्याचा मार्ग आखला गेला. आपल्याकडे ट्रकवर शुल्क लावायचे तर ते भरणारा बहुतेकदा एक-दोन गाड्यांचा मालक असतो, ज्याचा हप्ता थकला की गाडी ओढून नेली जाते.

आता अंतराचा प्रश्न. न्हावा-शेव्यातून निघणारा बराच माल फार लांब जात नाही. भिवंडीची गोदामे, चाकणचे वाहन कारखाने, वापी, सिल्वासा, नाशिक. रेल्वे खरी स्वस्त पडते ती पाच-सातशे किलोमीटरांच्या पुढे, कारण दोन्ही टोकांना चढ-उताराचा आणि टेम्पो-ट्रेलरचा खर्च ठरलेला असतो, तो लांब अंतरावर विभागला तरच परवडतो. पनवेल ते पुणे सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे, आणि मध्ये बोरघाट. १८६३ ला सुरू झालेल्या त्या घाटात ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे. मालगाडीला मागून बँकर इंजिनांनी रेटावे लागते, आणि याच मार्गावर मुंबई-पुण्याच्या प्रवासी गाड्या एकामागून एक धावत असतात. चाकणच्या मोटारींच्या सुट्या भागांना सरकारने कितीही सूट दिली तरी घाटात नव्या गाडीला वेळ मिळत नाही. भिवंडीचा तर विचारच सोडून द्यावा. तो माल ट्रकनेच जाणार, आणि तो रात्री जावा, ठरलेल्या वेळी जावा, वाहनतळावर थांबावा, रस्त्याच्या कडेला नाही, एवढे जरी झाले तरी पनवेलला श्वास मिळेल. त्याला अनुदान लागत नाही, शिस्त लागते.

उरतो तो मधल्या आणि लांबच्या पल्ल्याचा माल: जालना, नागपूर, वर्धा, मध्य प्रदेश आणि उत्तरेकडचा सगळा पसारा. उत्तरेकडच्या मालासाठी दादरी ते न्हावा-शेवा असा १५०६ किलोमीटरांचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग जपानी कर्जातून आखला गेला. एकावर एक दोन डबे ठेवून धावणाऱ्या दीड किलोमीटर लांबीच्या गाड्या त्यावर चालतात. पण वैतरणा ते न्हावा-शेवा हा सुमारे शंभर किलोमीटरांचा तुकडा सर्वांत शेवटपर्यंत रखडला. भूसंपादन, दाट वस्ती, ओलांडावे लागणारे जुने मार्ग अशी कारणे त्यामागे होती. दरम्यान गुजरातच्या बंदरांना या मार्गाची जोड आधी मिळाली आणि उत्तरेचा माल तिकडे वळण्याला जोर आला. हे नुकसान भाड्याच्या सुटीने भरून निघणारे नव्हते. हजारो कोटींचा मार्ग शेवटच्या शंभर किलोमीटरांसाठी खोळंबतो तेव्हा त्या शंभर किलोमीटरांवर खर्च केलेला रुपया हे सर्वांत मोलाचे अनुदान असते.

सरकार मालवाहतुकीला आजही बरेच काही देते, फक्त त्याला अनुदान म्हणत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने माल टर्मिनलसाठी रेल्वेच्या जमिनीचे शुल्क बाजारभावाच्या सहा टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणले, तेही ३५ वर्षांसाठी. मला हा निर्णय तत्त्वतः पटतो, कारण टर्मिनल उभे राहिले तर ते सूट संपल्यावरही राहते. पण एवढ्या मोठ्या सवलतीच्या बदल्यात टर्मिनल चालवणाऱ्याने किती डबे रस्त्यावरून उचलायचे, हे कराराच्या कागदावर असायला हवे.

पनवेलच्या दक्षिणेला आणखी एक उदाहरण आहे. २६ जानेवारी १९९९ पासून कोकण रेल्वे कोलाड ते गोव्यातल्या वेर्णा असे भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेऊ लागली, पुढे ती सेवा सुरतकलपर्यंत गेली. चालक आपल्याच ट्रकमध्ये बसून जातो, डिझेल वाचते, टायर वाचतात, घाटातला धोका टळतो. पळस्प्यापासूनचा मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून रुंद होतो आहे आणि त्याची अवस्था प्रत्येक गणपतीला चाकरमान्यांनी सोसलेली आहे, त्यामुळे ट्रकमालकाला या सेवेचे मोल पटवून द्यावे लागले नाही. इथे रेल्वेने ट्रकशी भांडण काढले नाही, त्यालाच गिऱ्हाईक केले. माल पुन्हा उतरवा-चढवायचा नाही, दारात पोचवणारी गाडी तीच. किसान रेल्वेला जे साधले नाही ते इथे साधले, कारण सेवा ट्रकवाल्याच्या अडचणीवर बेतलेली होती. अर्थात तो मार्गच मुळात केंद्राने आणि चार राज्यांनी सार्वजनिक पैशातून बांधलेला आहे, हे विसरता येत नाही. पैसा लागलाच. तो रुळांत गेला.

या सगळ्यात एक बाजू अशी आहे जी दिल्लीतल्या धोरणपत्रांत येत नाही. पनवेल-उरणच्या गावांनी आपली शेती सिडकोला आणि बंदराला दिली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे सूत्र आले. जमीन गेल्यावर अनेक कुटुंबांनी जी रोजी उभी केली ती याच रस्त्यावर: ट्रेलर, डंपर, कंटेनर यार्ड, वजनकाटा, टायरचे दुकान, ढाबा. कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तिथले माथाडी कामगार यांची चूलही ट्रकच्या येण्या-जाण्यावर पेटते. रस्त्यावरचा माल कमी व्हावा असे पनवेलकर म्हणतो तेव्हा तो आपल्याच चुलत्याच्या ट्रेलरविषयी बोलत असतो. ज्यांच्याकडून एकदा जमीन घेतली त्यांची दुसरी रोजीही विकासाच्या नावाने जाणार असेल, तर तो अन्याय होईल आणि तो होऊ देऊ नये.

म्हणून माझे मत असे. सरकारी पैसा द्यावा, पण सरसकट डब्यामागे सूट म्हणून नाही. त्याचा मोठा हिस्सा टर्मिनल, साइडिंग, मालधक्के आणि मार्गाची क्षमता यांत जावा, आणि घाटाचा प्रश्न सोडवायचा तर तो वेगळा, मोठा आणि प्रामाणिक प्रकल्प म्हणून समोर यावा. प्रवासी सवलतीचा भार अर्थसंकल्पाने उघडपणे उचलावा, म्हणजे मालभाडे आपोआप उतरेल आणि बरेचसे अनुदान मागायची वेळच येणार नाही. भाड्यात थेट मदत द्यायचीच तर ती जालना, नागपूरसारख्या मधल्या पल्ल्यावर, नव्याने रुळावर आलेल्या डब्यालाच, आधीपासून रेल्वेने जाणाऱ्याला नाही. ती तीन ते पाच वर्षांत दरवर्षी कमी होत संपावी, आणि तिची शेवटची तारीख पहिल्या दिवशीच जाहीर असावी. बंदरातल्या प्रत्येक टर्मिनलने दर महिन्याला किती डबे रेल्वेने गेले ते सांगावे, म्हणजे पैसा कामाला आला की नाही हे पनवेलच्या नागरिकालाही तपासता येईल.

या धोरणावर जो सर्वांत मोठा आक्षेप घेतला जाईल तो मलाही मान्य आहे: रूळ आणि टर्मिनल बांधायला दहा वर्षे लागतात आणि कळंबोलीतला माणूस आज गुदमरतो आहे. भाड्यातली सूट निदान पुढच्या महिन्यात सुरू होऊ शकते. पण पुढच्या महिन्यात सुरू होणारी सूट चालवायला लागणाऱ्या गाड्यांना आज मार्गच मोकळा नाही. म्हणून तातडीचा उपाय रस्त्यावरच करावा लागेल: अवजड वाहनांच्या वेळा, बंदराच्या दारात आगाऊ वेळ घेऊन येणे, यार्डांचे स्थलांतर, चालकांसाठी स्वच्छतागृह आणि झोपायची जागा असलेले वाहनतळ. आणि नव्या टर्मिनलपासून कारखान्यापर्यंतचा शेवटचा टप्पा ट्रेलरनेच होणार आहे, तर त्या कामाच्या करारात पनवेल-उरणच्या प्रकल्पग्रस्त वाहनमालकांना पहिला हक्क मिळावा. ही अट अनुदानाच्या आदेशातच लिहून घ्यावी. नंतर मागून मिळत नाही, हे या तालुक्याने चार दशकांत पुरेसे पाहिले आहे.